काळ्या बिअरबरोबर सुंदरी

सुभद्राबाईने पहिल्यांदा बिअर तोंडात घेतली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लकडगंजातल्या एका वखारीत तो सागाचे ओंडके चढवायच्या कामावर होता. एका सकाळी दोर तुटला आणि ओंडका त्याच्या छातीवर आला. मागे राहिली सुभद्रा, अकरा वर्षांची गोपिका, आणि वखारीमागची एक खोली, जिच्यात बारा महिने लाकडाच्या भुशाचा वास असे.

तिने आधी लोकांकडे मसाले कुटून दिले, मग लग्नकार्यात मटणाच्या पंगती रांधल्या. अशाच एका पंगतीत चंपतरावांनी तिच्या हातचं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून तिला बोलावून घेतलं.

चंपतरावांचं हॉटेल सदर बाजारात होतं. संगमरवरी टेबलं, उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ओल्या ताट्या, भिंतीवर बेल्जियमचा आरसा. वकील यायचे, कचेरीतले हेडक्लार्क यायचे, रस्त्यांचे कंत्राटदार यायचे. परवाना होता, म्हणून बाटल्याही होत्या. पण बिअर काही खपत नव्हती. व्हिस्की पिणारा क्लबात जाई, मोहाची पिणारा कलालाच्या दुकानात जाई, आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या बिअरच्या बाटल्या तशाच पडून राहत. कोणी हौशीने मागवली तरी दोन घोट घेऊन तोंड वाकडं करी. "काय हो हे, काढा देऊन राहिले का आम्हाले?" असं म्हणून पेला सरकवून देई.

सुभद्राबाई आली आणि चंपतरावांना एक गोष्ट दिसली. काही दिवशी बाटल्या सपाट्याने जात, काही दिवशी पेले अर्धेच परत येत. भटारखाना तोच, मसाला तोच, गिऱ्हाईकही तेच. ते पदार्थावर होतं, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. कोणत्या, ते कळेना. ते भटारखान्यात आले.

"सुभद्राबाई, मंगळवारी कलेजी होती, तर माणसं चार-चार पेले प्याली. काल मुंडीचा रस्सा होता, तर बाटलीले कोणी हात नाही लावला. काहून?"

"मले काय मालूम मालक? मी थोडीच पेली."

"मंग पिऊन पाहा."

तिला वाटलं, थट्टा करतात. ती हसली आणि पुन्हा वाटणाकडे वळली. पण चंपतराव हसत नव्हते. ते बोलायला मऊ होते. बायकांशी बोलताना नजर खाली ठेवत, कामवालीलाही 'बाई' म्हणत. तीन दिवस ते तेच सांगत राहिले. पिऊ नका, फक्त तोंडात घ्या आणि थुंका. वैद्य औषध चाखते, तसं. कोठीचं दार लावून घेऊ. मी अन् तुम्ही, तिसऱ्याले हवा लागणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक निघून गेल्यावर, तिने कोठीत पितळी वाटीत ओतलेली बिअर तोंडात घेतली. शेजारी थुंकायला घमेलं. कडूपणाने तिचे कान गरम झाले. तिने थुंकलं, मग कालच्या रश्श्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा खाल्ला, पुन्हा वाटी तोंडाला लावली, पुन्हा थुंकलं. मग जीभ टाळूवर फिरवून पाहिली.

"जवसाचं तेल," ती म्हणाली.

"काय?"

"रश्श्याले वरून जवसाचं तेल सोडलं होतं मी. ते याच्यासंगं भांडते. तोंड कडूजहर होते. तिळाचं घातलं तर नाही भांडणार."

दुसऱ्या दिवशी तिळाचं तेल घातलं. बाटल्या गेल्या.

त्यानंतर रोज दुपारी कोठीचं दार लागू लागलं. सुभद्राबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाटल्यांवरची नावं तिला कळत नसत, ती त्यांना रंगाने ओळखी. एक पिवळी, हलकी, नाकात झोंबणारी. एक तांबूस, जरा गोडसर. आणि एक काळी, विलायतेहून येणारी, जी कोणीच मागत नसे. पिवळीबरोबर तिने सांबारवडी बसवली, गरम आणि कुरकुरीत, आत भरपूर कोथिंबीर, तिखट अगदी बेताचं. कारण पिवळीचा कडूपणा तिखटाला भडकवतो, हे तिला दोन दिवसांत कळलं होतं. तांबूस बिअर तिखट शांत करी, म्हणून तिच्याबरोबर तर्रीचं मटण. काळीवर मात्र ती महिनाभर अडकून राहिली. कलेजी लावून पाहिली, मासा लावून पाहिला, डाळीचे वडे लावून पाहिले. काही जमेना.

एके दिवशी सुंदरी शिजत होती. सुंदरी म्हणजे बकऱ्याची आतडी. सात पाण्यांनी धुऊन, बारीक कापून, काळ्या मसाल्यात तास-दोन तास शिजवायची. मसाल्यात सुकं खोबरं इतकं भाजायचं की ते जळण्याच्या अलीकडे थांबतं. काळी वाटीत होती. सुभद्राबाईने घोट घेतला आणि थांबली. घमेल्याकडे वाकली, पण थुंकलं नाही. गिळलं. मग सुंदरीचा घास खाल्ला. मग पुन्हा एक घोट, तोही गिळला.

"मालक," ती म्हणाली, "ही काळी आपल्या भाजलेल्या खोबऱ्याची बहीण आहे. दोघी एकाच चुलीवरच्या. पण ते घशात उतरल्यावर समजते. थुंकून नाही समजत. आजपर्यंत मी तुमाले सारं अर्धंच सांगून राहिली होती."

चंपतरावांनी वाटी पुन्हा भरली. "मंग गिळत जा न, बाई. तुमच्या-माझ्यात राहील."

आणि ती गिळू लागली. फार नाही. वाटीभर, कधी दीड वाटी. नशा तिला आवडत नसे. डोकं जड झालं की ती ओव्याचं पाणी पिई. तिला आवडत होतं ते दुसरंच. जन्मात तिला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय वाटतं? आता एक मोठा माणूस रोज दुपारी समोर स्टूल टाकून बसे आणि ती काय म्हणते याची वाट पाही. संध्याकाळी तो भटारखान्याच्या दारात येऊन सांगे, "वकीलसाहेब म्हणत होते, हे ज्यानं जुळवलं त्याच्या जिभेले सोन्यानं मढवा." सुभद्राबाई पदराने तोंड झाकून हसे. लकडगंजापर्यंतची लांबची वाट तिला मग जाणवत नसे. वाटेत ती सुपारी-बडीशेप चघळे, आणि घरी शिरण्याआधी चूळ भरे.

हॉटेलच्या दाराबाहेर चंपतरावांनी पाटी लावली. तिच्यावर रोज खडूने लिहिलेलं असे, कोणत्या बिअरबरोबर आज काय आहे. काळ्या बिअरबरोबर सुंदरी ही ओळ सुभद्राबाई होती तोवर कधी पुसली गेली नाही. कामठीच्या छावणीतले गोरेसुद्धा टांगे करून त्यासाठी येऊ लागले.

दोन वर्षं गेली. गोपिका एकोणीस वर्षांची झाली. पोरगी उजळ नव्हती पण नाकीडोळी नीट होती, चार इयत्ता शिकलेली, कामाला तरतरीत. एवढं वय होऊन घरात बसली म्हणून बाया बोलू लागल्या होत्या. तेवढ्यात सुभद्राबाईचा भाऊ गणपतराव पारशिवनीहून स्थळ घेऊन आला. सक्करदऱ्याचे मनोहरराव, तंबाखूचे ठोक व्यापारी, जातीच्या मंडळाचे अध्यक्ष. मुलगा शाळेत मास्तर होता. त्याने गोपिकाला पाहिलं आणि तिला विचारलं, "वाचायला आवडते का?" तिने मान हलवली. एवढंच बोलणं झालं, पण त्या रात्रीपासून गोपिका शेजारच्या घरातून जुनी वर्तमानपत्रं मागून आणू लागली आणि दिव्याशी बसून ती मोठ्याने वाचू लागली. मधेच थांबून उगीचच हसे.

मनोहररावांची अट एकच होती. मुलीच्या आईने दारूच्या हॉटेलातलं काम सोडावं. रांधते याला त्यांची हरकत नव्हती. जागेला होती.

सुभद्राबाईने आनंदाने कबूल केलं. मार्गशीर्षात लग्न ठरलं. तिने चंपतरावांना सांगितलं.

"वा," चंपतराव म्हणाले. "पोरीचं चांगलं झालं. पण नाताळापर्यंत थांबा. साहेब लोकांचं मोठं जेवण घेतलं आहे मी. सात पदार्थ, अन् दरेकासंगं जुळणारी बिअर. तुमच्याच भरवशावर घेतलं न."

"लग्न त्याच्या आधी आहे, मालक. अट आहे त्याहिची."

"पंधरा दिवस पुढं नाही ढकलता येत?"

"नाही जी."

चंपतराव उठले. खिडकीबाहेर पाहत त्यांनी हातातल्या किल्ल्या दोन-तीनदा वाजवल्या. मग हसून म्हणाले, "बरं. तुमच्या व्याह्यांले एक दिवस जेवाले तर बोलवू द्या. आमच्याकडची बाई त्याहिच्या घरी मुलगी देऊन राहिली, आमचाही मान आहे काही."

रविवारी दुपारी मनोहरराव आले. बरोबर गणपतराव. चंपतरावांनी त्यांना पडद्यामागच्या खोलीत बसवलं, जिथे बाहेरच्याची नजर पोचत नसे. मनोहरराव जाडजूड, पांढऱ्या मिश्यांचे, कपाळावर गंध. बिअर समोर आली तेव्हा त्यांनी हात वर केला. चंपतराव हळूच म्हणाले, "दारू नाही हो ही. जवाचं पाणी. डॉक्टर लोक पथ्याले देतात." मनोहररावांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि पेला उचलला. सांबारवडी आली. त्यांनी दुसरा पेला घेतला. मग सुंदरी आली, आणि काळी. ते डोळे मिटून चावत राहिले.

"काय जमवलं आहे," ते म्हणाले. "वा. हे कोणाचं डोकं?"

चंपतरावांनी पडदा बाजूला केला. "सुभद्राबाई! बाहेर या. व्याही तारीफ करून राहिले तुमची."

ती डोक्यावर पदर घेऊन आली. तिच्या हाताला हळद होती. तिला वाटलं, रश्श्याबद्दल विचारतील.

"या बाईसारखी जीभ साऱ्या नागपुरात नाही," चंपतराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात मध होता. "डोळे बांधून तिन्ही बाटल्या द्या, तिन्ही ओळखते. दोन वर्षं झाली, रोज दुपारी बसतो न आम्ही. पाटीवर जे जे आहे, ते ते तिनं घोट घेऊन ठरवलं आहे."

मनोहररावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे? ह्या पितात?"

"पितात कसं म्हणू? चाखतात. आता चाखता-चाखता पोटात किती जाते, ते त्याहिलेच मालूम."

गणपतराव उभा राहिला. "बाई, काय म्हणून राहिला हा माणूस?"

सुभद्राबाई चंपतरावांकडे पाहत होती. ते तिच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी नजर खाली ठेवली होती, नेहमीसारखी. मनोहररावांनी मिशीवरचा फेस उपरण्याने पुसला, ताटाला नमस्कार केला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लकडगंजात आले. जातीतली दोन वडीलधारी माणसं बरोबर होती. वखारीतली माणसं काम थांबवून पाहू लागली. मनोहरराव ओरडले नाहीत. ते खाटेवर बसले, पाणी मागितलं, ते प्याले.

"सुभद्राबाई, हॉटेलवाल्याच्या शब्दावर मी माझ्या घरची सून नाही सोडणार. त्याले तुम्ही जायला नको आहे, म्हणून बोलला असन. मले एकच सांगा. चाखून थुंकली असन तर मी समजून घेतो, पोटासाठी माणूस काय करत नाही. या लेकीच्या डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा, घशाखाली कधी घोट गेला नाही. एवढं बोला, की आम्ही उठलो. लग्न ठरल्या दिवशी."

गोपिका दारामागे होती. ती बाहेर आली. कोणी सांगायच्या आधी ती आईसमोर जमिनीवर बसली आणि तिने डोकं पुढे केलं.

सुभद्राबाईचा हात उचलला गेला नाही.

"ठेव न, माय," गोपिका म्हणाली.

सुभद्राबाईला नवरा आठवला. नवऱ्याच्या छातीवर ओंडका पडायच्या आठ दिवस आधी त्याने मुकादमापाशी एक खोटी शपथ घेतली होती, कोणाच्या तरी बचावासाठी, स्वतःच्या गळ्याला हात लावून. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आता तिच्यासमोर तिच्या लेकीचं डोकं होतं, तेल लावून चापून बसवलेले केस, मधोमध सरळ भांग.

गोपिकाने आईचा हात धरला आणि ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "म्हण. मी सांगते तसं म्हण. घोट गेला नाही."

सुभद्राबाईने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

मनोहरराव उठले. जाताना त्यांनी गोपिकाकडे पाहून मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं. गणपतराव त्याच दुपारी पारशिवनीला परत गेला आणि जाताना बहिणीच्या हातचं पाणी प्यायला नाही.

"एक शब्द होता," गोपिका म्हणाली. दिवे लागायची वेळ झाली होती आणि चूल पेटली नव्हती. "एक शब्द, माय. तुह्या जिभेले तेवढा जड झाला?"

"तुले काही झालं असतं तर?"

"आता काय झालं मंग?"

त्यानंतर ती आईशी बोलली नाही.

सुभद्राबाई हॉटेलात परत गेली नाही. चंपतरावांनी दोनदा माणूस पाठवला, तिने दार उघडलं नाही. पण दुसरं कामही मिळेना. लग्नकार्यात तिला कोणी बोलावत नव्हतं. तिने मसाला कुटून टोपलीत घेतला आणि दारोदार फिरली; ज्या बायका आधी उधार मागून नेत, त्या आता आतूनच "नको" म्हणत. एकीने विचारलं, "यात काय काय कालवलं आहे?" आणि शेजारणीकडे पाहून हसली. मास्तराचं लग्न त्याच मुहूर्तावर दुसऱ्या मुलीशी झालं. वरात लकडगंजावरून गेली. गोपिकाने दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्यावर उभी राहून ती पूर्ण पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती सदरला गेली, चंपतरावांकडे.

"नाव तर गेलंच आहे आमचं," ती म्हणाली. "मायचं काम मी करते. तिची जीभ मले आहे."

चंपतरावांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाताळचं जेवण आठ दिवसांवर आलं होतं. त्यांनी समोर तीन वाट्या ठेवल्या. गोपिकाने तिन्ही चाखल्या, तोंड वाकडं होऊ दिलं नाही, आणि म्हणाली, "आज नाही सांगत. उद्या सांगते. मले विचार करावा लागते."

त्या दुपारी ती घरी आली तेव्हा लुगड्याच्या ओच्यात तीन लहान बाटल्या होत्या, औषधाच्या, बूच मारलेल्या, हॉटेलातून चोरून भरलेल्या. तिने दाराला कडी लावली, आईसमोर तीन वाट्या मांडल्या आणि ओतल्या. मग फडक्यात बांधलेले पदार्थ सोडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती आईशी बोलली.

"पी. अन् सांग, कशासंगं काय."

सुभद्राबाईने तिच्याकडे पाहिलं. "गोपे..."

"थुंकू नको. थुंकलं तर समजत नाही म्हणत होती न तू? मालकानं सांगितलं."

सुभद्राबाई प्याली. तिने सांगितलं. गोपिकाने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने लिहून घेतलं, वाट्या विसळल्या आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी चंपतरावांसमोर तिने एकेक घोट घेतला, छताकडे पाहिलं, आणि आईचे शब्द जसेच्या तसे म्हटले. नाताळचं जेवण गाजलं.

मग रोज दुपारी तेच. तीन वाजता कडी लागे. गोपिका समोर बसे, पेन्सिल घेऊन. बाकी वेळी ती आईला उत्तर देत नसे. भाकरी समोर ठेवी, झोपताना तोंड फिरवून झोपे. पण तीन वाजता ती विचारी, "याच्यासंगं मासा चालन?" आणि सुभद्राबाई सांगे. मासा कोणत्या पाण्यातला, तळलेला की रश्श्यातला, चिंच घातली की आमसूल. सांगताना तिचे डोळे चमकत. कधी गोपिका विसरून "हो का?" म्हणे, आणि सुभद्राबाईला तेवढं पुढच्या दुपारपर्यंत पुरे.

ती दुपार लांबवू लागली. "अजून एक घोट दे. ध्यानात नाही आलं बराबर." गोपिका ओते. "अजून जराशी. हे कडू आधीचं आहे का आत्ताचं, समजून नाही राहिलं." गोपिका ओते. वाटीच्या दोन वाट्या झाल्या, दोनाची बाटली. ओव्याचं पाणी आता घरात नव्हतं. वैशाख लागेपर्यंत सुभद्राबाईचे हात सकाळी थरथरू लागले, आणि ते तीन वाजेपर्यंत थांबत नसत. गोपिकाला ते दिसत होतं. ती बाटल्या आणत राहिली.

ज्येष्ठातल्या एका दुपारी सुभद्राबाई बराच वेळ घोट तोंडात घोळवत होती. तिखट झिंग्यांचा पदार्थ होता.

"पिवळी नको देऊस यासंगं," ती म्हणाली. "आग होईल तोंडात. तांबूसच दे. अन् वरून लिंबू नको, त्यानं सारं..."

"बस," गोपिका म्हणाली. तिने पेन्सिल खाली ठेवली. आज तिने काही लिहिलंच नव्हतं.

"काहून?"

"महिना झाला, माय. तू सांगते त्याच्या उलटं वाढून राहिली मी. तांबूस म्हणते तिथं पिवळी. काळी म्हणते तिथं तांबूस. सुंदरीसंगं पिवळी देते, पाटीवरही तसंच लिहिते. जवसाचं तेल घातलं परवा, वरून, मोठी पळी."

सुभद्राबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"कोणाले काही समजलं नाही," गोपिका म्हणाली. "ताटं रिकामी होतात. बाटल्या रिकाम्या होतात. तोंड भाजलं की अजून मागवतात, एवढंच. आधी पाटी नव्हती म्हणून खपत नव्हती. आता पाटीवर लिहिलं आहे, म्हणून खपते. मालकालेही नाही समजलं. परवाच म्हणत होता, तुह्या जिभेले सोन्यानं मढवलं पाहिजे. वकीलसाहेब म्हणाले म्हणे. वकीलसाहेबाले तर वास येत नाही कशाचा, नाकाचं ऑपरेशन झालं त्याच्या, चार वर्षं झाली. सारे बोलतात तिथं त्याच्याबद्दल."

सुभद्राबाईने विचारलं, "पण तुले तर समजलं न, गोपे? तू तर चाखते. सुंदरीसंगं पिवळी अन् काळी. तुले तर फरक समजला असन?"

"मले साऱ्या कडूच लागतात," गोपिका म्हणाली.

तिने वाटी आईच्या हातातून काढून घेतली, बाटलीत उरलेली मोरीत ओतली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी घातलं. मग दोरीवरची आपली दोन लुगडी घडी करून फडक्यात बांधली. चंपतरावांनी तिला हॉटेलमागे एक खोली दिली होती. ते तिने आठ दिवसांपूर्वीच कबूल केलं होतं.

"उद्या येशील न तीन वाजता?" सुभद्राबाईने विचारलं.

गोपिकाने पायात चपला घातल्या आणि ती गेली.

सुभद्राबाई चार दिवस तीन वाजता कडी काढून बसली. पाचव्या दिवशी ती उन्हातून सदरला गेली. वाटेत दोनदा तिला बसावं लागलं. ती भटारखान्याच्या दाराने गेली नाही. समोरून आली, जिथून गिऱ्हाईकं येतात, आणि वाळ्याच्या ताटीच्या फटीतून आत पाहिलं. इथं दोन वर्षं रांधून तिने गिऱ्हाइकांना जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

आत जवळच्या टेबलाशी एक गृहस्थ बसला होता, कोट काढून खुर्चीला लावलेला. त्याच्यासमोर सुंदरी होती आणि पिवळी बिअर. त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं, डोळे लाल झाले होते. तो घोट घेई, हाश-हुश करी, पुन्हा घास घेई. मित्राला काहीतरी सांगून तो खदाखदा हसला, टेबलावर हात मारला आणि आणखी एक बाटली मागवली. तो अगदी मजेत होता.

सुभद्राबाई ताटी सारून आत शिरली. ओल्या वाळ्याचा गारवा तिच्या तोंडावर आला. दोन-चार माणसांनी माना वळवल्या. ती पहिल्या रिकाम्या टेबलापाशी गेली आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

आतल्या दारातून गोपिका आली. अंगावर नवं हिरवं लुगडं होतं, कमरेला किल्ल्या.

"काळी दे," सुभद्राबाई म्हणाली. "अन् सुंदरी. मी बसून खाते. मले पाहू दे."

गोपिका अगदी हळू बोलली, बाजूच्या टेबलावर ऐकू जाऊ नये इतकं.

"इथं बायांले वाढत नाही, बाई. बाहेर व्हा."